आवडीचा वारसा

आईबापांनीं मुलांना काय द्यावें याचा विचार बहुधा घरदार, विद्या आणि वळण या तीन गोष्टींपाशीं येऊन थांबतो. परंतु आणखी एक वारसा असा आहे कीं, तो कोणत्याहि मृत्युपत्रांत नमूद होत नाहीं, आणि तरीहि प्रत्येक पिढी तो पुढच्या पिढीच्या हातीं देण्यास उत्सुक असते. तो वारसा म्हणजे आवडीचा. जें पुस्तक आपण रात्रीं जागून वाचलें, जें गाणें आपल्या आईनें म्हटलें, जो खेळ आपण गल्लींत खेळलों, त्यांचा आनंद आपल्या मुलांनाहि मिळावा असें प्रत्येकास मनापासून वाटतें. आज शाळेंत येणाऱ्या मुलांचे पुष्कळसे पालक दूरदर्शन व व्हिडिओ यांच्या काळांत वाढले. त्यामुळें त्यांच्या वारशांत चित्रपटांचाहि समावेश झाला आहे. "मी लहानपणीं पाहिलेला चित्रपट आज तुला दाखवितों," असें म्हणणारे वडील आतां घरोघर आढळतात.

वरवर पाहतां ही गोष्ट सोपी दिसते. चित्रपट लावावा, मुलाला शेजारीं बसवावें, म्हणजे झालें! पण पुष्कळदां असें घडतें कीं, अर्ध्या तासांत मूल चुळबूळ करूं लागतें, वडील हिरमुसतात, आणि दोघांचीहि संध्याकाळ वायां जाते. असें कां होतें, आणि तें टाळून हा वारसा आनंदानें कसा देतां येईल, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

उदाहरणाकरितां 'स्टार वॉर्स' ही एकच चित्रपटमालिका घेऊं. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज ल्यूकस यांचा या मालिकेंतील पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजीं अमेरिकेंत प्रदर्शित झाला. त्याच्या मागोमाग १९८० सालीं 'दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आणि १९८३ सालीं 'रिटर्न ऑफ दि जेडाय' हे दोन भाग आले. गोष्ट थोडक्यांत अशी आहे. दूरच्या एका तारकामंडळांत एक जुलमी साम्राज्य असून त्याच्याविरुद्ध मूठभर बंडखोर लढत आहेत. वाळवंटी ग्रहावर काका-काकूंच्या शेतांत राबणारा ल्यूक नांवाचा एक तरुण, एक राजकन्या, हान सोलो हा कर्जबाजारी पण दिलदार यानचालक, एक वृद्ध गुरु आणि दोन यंत्रमानव यांची गांठ पडते, आणि काळ्या मुखवट्याच्या डार्थ व्हेडर या सरदाराशीं त्यांचा सामना होतो. आजीच्या गोष्टींत जें जें असतें तें बहुतेक येथें आहे. फक्त घोड्यांच्या जागीं अवकाशयानें आणि पोलादाच्या तलवारीच्या जागीं प्रकाशाची तलवार आली आहे. या पहिल्या चित्रपटास १९७८ सालीं संगीत, संकलन, दृश्यचमत्कार इत्यादि सहा विभागांत ऑस्कर पारितोषिकें मिळालीं.

हे तीन चित्रपट मीं शाळेंत असतांना भाड्यानें आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिले. शेजारपाजारचीं दहाबारा मुलें एका लहानशा पडद्यासमोर दाटीवाटीनें बसत. इंग्रजी संवाद आम्हांस निम्मेसुद्धां कळत नसत, आणि तरीहि कोणाची नजर ढळत नसे. आज मागें वळून पाहतां असें वाटतें कीं, त्या आनंदांत चित्रपटाचा वाटा किती आणि त्या सुटीचा, त्या सोबत्यांचा व त्या दुर्मिळपणाचा वाटा किती, हें वेगळें काढणें कठीण आहे. आज मुलाच्या हाताशीं शेंकडों चित्रपट असतात. आपण त्याला चित्रपट दाखवूं शकतों. ती सुटी आणि ते सोबती दाखवूं शकत नाहीं. पालकांनीं प्रथम ध्यानांत घ्यावयाची गोष्ट हीच आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, आपण पाहिलेला चित्रपट तरी तोच राहिला आहे काय? १९७७ सालीं या चित्रपटाच्या आरंभीं 'चौथा भाग' अशीं अक्षरें नव्हतींच. तीं १९८१ च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळीं घातलीं गेलीं. १९९७ सालीं ल्यूकस यांनीं तिन्ही चित्रपटांच्या विशेष आवृत्त्या काढल्या, आणि त्यांत संगणकाच्या साहाय्यानें नवे प्राणी व नवीं दृश्यें घातलीं. एका मद्यगृहांतील प्रसंगांत पूर्वीं हान सोलो समोर बसलेल्या मारेकऱ्यावर आपण होऊन गोळी झाडीत असे; नव्या आवृत्तींत मारेकरी आधीं झाडतो व मग हान. एवढ्याशा फरकावरून रसिकांत वर्षानुवर्षें वाद झाले, कारण त्यामुळें हानचा स्वभावच बदलतो असें अनेकांचें म्हणणें आहे. पुढें २००४ च्या डीव्हीडीसाठीं व २०११ च्या ब्लू-रेसाठीं आणखी फेरफार करण्यांत आले. मूळ रूपें २००६ सालीं डीव्हीडीवर जोड म्हणून मिळालीं होतीं. पण आज घरीं बसून सहजपणें पाहावयास मिळतात ते फेरफार केलेलेच चित्रपट. तेव्हां "आमच्या वेळीं असें नव्हतें!" असें दर पांच मिनिटांनीं म्हणण्याचा मोह वडिलांनीं आवरावा. मुलाच्या दृष्टीनें तें दृश्य पहिल्यापासून तसेंच आहे.

आतां क्रमाचा प्रश्न घेऊं. मुख्य कथेचे एकंदर नऊ भाग आहेत. १९७७ ते १९८३ या काळांत निघालेले तीन चित्रपट हे भाग ४ ते ६ होत. त्यांच्या पूर्वींची कथा सांगणारे भाग १ ते ३ हे मागाहून, म्हणजे १९९९, २००२ व २००५ सालीं निघाले. आणि पुढची कथा सांगणारे भाग ७ ते ९ हे २०१५, २०१७ व २०१९ सालीं निघाले. कित्येक पालक सरळ एकापासून मोजून आरंभ करतात. हिशेबाला तें बरोबर दिसतें, पण गोष्टीला तें मारक आहे. १९८० च्या चित्रपटाच्या अखेरीस डार्थ व्हेडर एक वाक्य बोलतो आणि त्या एका वाक्यानें ल्यूकचें सारें जग उलटें होतें. भाग १ ते ३ आधीं पाहिले, तर तें रहस्य मुलाला आधींच कळून चुकतें व त्या वाक्याचा धक्का नाहींसा होतो. म्हणून जसे चित्रपट निघाले तसेच, म्हणजे ४, ५, ६ या क्रमानें आरंभ करावा. पूर्वकथा मागाहून दाखवावी. कांहीं जण ४ व ५ यांच्यानंतर २ व ३ पाहून शेवटीं ६ पाहतात. त्या क्रमांतहि रहस्य जपलें जातें.

हें रहस्य राखण्यासाठीं चित्रपट करणाऱ्यांनीं केवढी खबरदारी घेतली होती पाहा. काळ्या पोशाखांत वावरणारे नट डेव्हिड प्राउझ यांना चित्रीकरणाच्या वेळीं बोलण्याकरितां निराळेंच, खोटें वाक्य देण्यांत आलें होतें. ल्यूकचें काम करणारे मार्क हॅमिल यांना खरें वाक्य चित्रीकरणाच्या थोडेंच आधीं कानांत सांगण्यांत आलें, कारण त्यांच्या चेहऱ्यावर खरा भाव उमटणें जरूर होतें. खरें वाक्य मागाहून जेम्स अर्ल जोन्स यांच्या भारदस्त आवाजांत भरण्यांत आलें. आज तेंच वाक्य विनोदांत, जाहिरातींत व सदऱ्यांवर छापलेलें आढळतें, आणि पुष्कळ मुलांना तें चित्रपट पाहण्यापूर्वींच ठाऊक असतें. ज्या मुलाला तें ठाऊक नसेल, त्याच्या घरच्यांनीं तें जपावें. हा लेख वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींनीं तो चित्रपट पाहिलेला नसेल. म्हणून मींहि तें वाक्य येथें लिहीत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, शेवट ठाऊक असल्यानें गोष्टीची गोडी कमी होते काय? रामकथेचा शेवट कोणाला ठाऊक नाहीं? तरी लोक कीर्तनाला बसतातच. हें म्हणणें खरें आहे. गोष्टीचे आनंद दोन आहेत: पुढें काय होईल हें न कळण्याचा एक, आणि तें कळत असून पुन्हा ऐकण्याचा दुसरा. दुसरा आनंद जन्मभर पुरतो. पहिला मात्र एकदांच मिळतो, आणि गेला कीं तो कोणालाहि परत आणतां येत नाहीं. वडिलांना तो मिळून गेला आहे. मुलाला तो मिळूं द्यावा, एवढेंच येथें सांगणें आहे.

कोणत्या वयांत दाखवावा, हा पुढचा प्रश्न. या कथा मुलांच्या म्हणून प्रसिद्ध आहेत, पण त्यांत युद्ध आहे, मरण आहे, आणि दुसऱ्या भागाच्या अखेरच्या द्वंद्वयुद्धांत नायकाला भयंकर इजा होते. २००५ चा तिसरा भाग तर इतका उग्र आहे कीं, तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनीं विशेष सावध राहावें असा शिक्का अमेरिकेंत या मालिकेपैकीं प्रथम त्याच्यावर बसला. आपल्या देशांतहि २०२४ च्या नियमांनुसार पालकांच्या मार्गदर्शनाखालीं दाखवावयाच्या चित्रपटांचे ७, १३ व १६ वर्षें असे तीन टप्पे ठरविले आहेत. हे शिक्के उपयोगी आहेत, पण आपलें मूल कशाला भितें हें शिक्का मारणाऱ्याला ठाऊक नसतें, आईबापांना असतें. एक मूल राक्षसाला पाहून हंसतें आणि कोणी एकटा मागें राहिला कीं रडतें. दुसऱ्याचें नेमकें उलट असतें. म्हणून दाखविण्यापूर्वीं पालकांनीं तो चित्रपट एकवार स्वतः पुन्हा पाहावा. लहानपणच्या स्मृति गोड भाग तेवढा राखून ठेवतात.

प्रत्यक्ष पाहावयास बसल्यावर काय करावें? या मालिकेच्या प्रत्येक भागाच्या आरंभीं पिवळ्या अक्षरांतील मजकूर खालून वर सरकत दूर आकाशांत नाहींसा होतो. लहान मुलाला तो इतक्या वेगानें वाचतां येत नाहीं. तो वडिलांनीं मोठ्यानें, आपल्या मराठींत सांगावा. तेवढ्यानेंच चित्रपट ही दोघांची मिळून गोष्ट होते. त्यानंतर मात्र गप्प बसावें. १९७७ च्या चित्रपटांत नायक पाव तास उलटेपर्यंत पडद्यावर येतच नाहीं. आरंभींचा बराच वेळ दोन यंत्रमानव वाळवंटांत भटकत असतात. आजच्या वेगवान चित्रांस सरावलेल्या मुलाला हा वेळ जड जाण्याचा संभव आहे. "थांब, पुढें मजा आहे," असें सारखें बजावल्यानें तो हलका होत नाहीं; मूल चित्रपट सोडून वडिलांच्या तोंडाकडे पाहूं लागतें, आणि आतां आपण हंसावयाचें कीं काय, याचा अंदाज घेऊं लागतें.

गप्प बसण्याचा लाभ काय, तें एका अनुभवावरून सांगतों. माझी मुलगी नऊ वर्षांची असतांना तिला मीं पहिला चित्रपट दाखविला. मद्यगृहाच्या ज्या प्रसंगाचा वर उल्लेख आला, त्याच्या आरंभीं मद्य देणारा माणूस यंत्रमानवांना आंत राहूं देत नाहीं. त्यांना बाहेर थांबावें लागतें. मीं तो प्रसंग कितीदां तरी पाहिला होता, आणि प्रत्येक वेळीं माझे डोळे आंत बसलेल्या चित्रविचित्र प्राण्यांवर खिळलेले असत. ती मात्र म्हणाली, "बाबा, त्यांना बाहेर कां काढलें? त्यांनीं काय केलें होतें?" चित्रपट संपल्यावर ती पुन्हा त्याच गोष्टीकडे वळली. त्या यंत्रमानवांची खरेदी-विक्री होते, त्यांची आठवण पुसून टाकण्याचा हुकूम सुटतो, आणि तरी संकटांत सर्वांच्या उपयोगीं तेच पडतात, हें तिनें टिपलें होतें. "मग ते नोकर आहेत कीं मित्र?" हा तिचा प्रश्न होता. त्या रात्रीं जेवतांना आम्हीं त्यावर बराच वेळ बोललों. तीस वर्षें ओळखीचा असलेला चित्रपट त्या दिवशीं मला तिनें नव्यानें दाखविला.

चित्रपट आवडला, तर दुसऱ्यांदा पाहतांना 'हें कसें केलें?' या प्रश्नाकडे वळावें. त्यांतहि मुलांना फार गोडी वाटते. पहिल्या चित्रपटासाठीं ल्यूकस यांनीं १९७५ सालीं 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' ही कार्यशाळा उभारली. तेथें अवकाशयानांच्या लहान प्रतिकृति करून त्या जागच्या जागीं ठेवीत आणि कॅमेराच त्यांच्याजवळून फिरवीत. कॅमेऱ्याची चाल यंत्राच्या आठवणींत साठविलेली असल्यामुळें तीच चाल हुबेहूब पुन्हा पुन्हा करतां येई, आणि निरनिराळ्या वेळीं घेतलेलीं चित्रें एकत्र जोडतां येत. ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनीं आवाज जमविले तेहि असेच. केसाळ सोबत्याचा आवाज मुख्यतः अस्वलाचा आहे. शत्रूच्या यानांच्या किंचाळण्यांत हत्तीचा चीत्कार मिसळलेला आहे. आणि प्रकाशाच्या तलवारीचा तो घुमणारा नाद जुन्या चित्रपटयंत्राच्या मोटारीच्या घरघरीवरून घेतला असून त्यांत दूरदर्शन संचाची गुणगुण मिसळली आहे. 'दि एम्पायर स्ट्राइक्स बॅक' मधील हिरवा वृद्ध गुरु योडा हा फ्रँक ओझ यांच्या हातावर नाचणारा बाहुला होता. हें कळल्यावर मुलें घरांतील पंखा, कुलूप, पाण्याचा नळ यांचे आवाज ऐकूं लागतात, आणि खोक्यांचीं यानें करूं लागतात.

इतकें करूनहि मुलाला चित्रपट आवडला नाहीं, तर? या लेखांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची ती येथें आहे. आवडती वस्तु दाखवितांना आपण नकळत त्या वस्तूबरोबर स्वतःलाहि पुढें करीत असतों. म्हणून मुलानें तोंड वळविलें कीं त्यानें आपल्यालाच नाकारलें असें वाटतें. मुलांना हें फार लवकर कळतें. "आवडला ना?" या प्रश्नाला कोणतें उत्तर अपेक्षित आहे, तें वडिलांच्या स्वरावरूनच त्यांच्या लक्षांत येतें. मग प्रेमळ मूल खोटें बोलतें, आणि मानी मूल पुढल्या खेपेस शेजारीं बसण्याचेंच टाळतें. दोन्ही प्रकारांत नुकसान चित्रपटाहून मोठ्या गोष्टीचें होतें. कारण मनांत असेल तें वडिलांना सांगतां येतें, हा मुलाचा विश्वास उणा होतो. त्यापेक्षां "तुला कोणता भाग कंटाळवाणा वाटला?" असें मोकळेपणानें विचारावें, आणि उत्तर मिळेल तें ऐकून घ्यावें. देणगी दिल्यावर ती कशी वापरावी हें घेणाऱ्यानें ठरवावयाचें असतें.

आणि आवड जशीच्या तशी पुढें गेली नाहीं म्हणून ती मेली, असेंहि नव्हे. खुद्द ल्यूकस यांचेंच उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १९४४ सालचा, कॅलिफोर्नियांतील मोडेस्टो या गांवचा. लहानपणीं त्यांनीं दूरदर्शनवर 'फ्लॅश गॉर्डन' ही जुनी चित्रपटमालिका पाहिली. १९३४ सालीं वृत्तपत्रांत सुरू झालेल्या चित्रकथेवरून ती केलेली होती, आणि १९३६, १९३८ व १९४० सालीं तिचे तीन संच निघाले होते. दर आठवड्यास चित्रगृहांत एक प्रकरण दाखवीत, आणि तें नायक संकटांत सांपडतांच संपे. मोठेपणीं ल्यूकस यांना तीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आणावयाची होती. पण तिचे हक्क त्यांना मिळाले नाहींत. म्हणून त्यांनीं स्वतःची गोष्ट रचली. आकाशांत सरकत जाणारा तो पिवळा मजकूर त्या जुन्या मालिकेच्या पद्धतीवरच बेतलेला आहे. तसेंच अकिरा कुरोसावा यांच्या 'दि हिडन फॉर्ट्रेस' या १९५८ च्या जपानी चित्रपटांत दोन सामान्य शेतकऱ्यांच्या डोळ्यांनीं थोरामोठ्यांची कथा सांगितली आहे. तिच्यावरून दोन यंत्रमानवांची कल्पना निघाली. एका मुलाची बालपणची आवड वीस-पंचवीस वर्षांनीं निराळें रूप घेऊन दुसऱ्या मुलांपर्यंत पोहोंचली ती अशी. तें जुनें चित्र जसेंच्या तसें पुन्हा काढावयास मिळालें असतें, तर कदाचित् 'स्टार वॉर्स' निर्माणच झाला नसता.

विद्यार्थी मित्रहो, आतां दोन शब्द तुम्हांस. तुमचे आईवडील एखादा जुना चित्रपट दाखवूं लागले, तर त्याचें चित्र अंधुक आहे किंवा त्याची गति मंद आहे म्हणून लगेच उठून जाऊं नका. त्यांनीं तो कोठें पाहिला, कोणाबरोबर पाहिला, तेव्हां त्यांचें वय किती होतें, हें त्यांना विचारा. तुमच्याएवढे असतांना ते कसे होते हें सांगणारे साक्षीदार फार थोडे असतात, आणि हा चित्रपट त्यांपैकीं एक आहे. नंतर तुम्हांला आवडलेला एखादा चित्रपट त्यांना दाखवा आणि त्यांनाहि शेवटपर्यंत बसवा. त्यांनीं मध्येंच घड्याळाकडे पाहिलें तर रागावूं नका. आणि पालकहो, येत्या सुटींत हा प्रयोग अवश्य करून पाहावा. दिवे मालवावे, मूल शेजारीं बसवावें, पिवळा मजकूर मोठ्यानें वाचावा, आणि मग पडद्याकडे पाहत राहावें.